पाणी शिरतं एकीकडे, गळतं दुसरीकडे

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडला की जालन्यातल्या हार्डवेअरच्या दुकानांत एकाएकी झुंबड उडते. कुणाला डांबराचा डबा हवा असतो, कुणाला एम-सील, कुणाला ताडपत्री, कुणाला सिमेंटमध्ये कालवायचं ‘वॉटरप्रूफ’. घरात पातेली-बादल्या मांडून ठेवलेल्या असतात, त्यामुळे सगळ्यांनाच घाई असते. त्या घाईत एक प्रश्न विचारायचा राहून जातो : पाणी नेमकं शिरतंय कुठून? मग ठिबकणाऱ्या जागेच्या बरोबर वर, अंदाजानं, हातभर डांबर फासलं जातं. पुढच्या सरीला पाणी पुन्हा त्याच जागी टपकतं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, अशी गत होते.

गळती शोधणं आणि गळती बुजवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांचे ऋतूही वेगळे आहेत. शोध पावसाळ्यात घ्यायचा आणि दुरुस्ती कोरड्या दिवसांत करायची. आपल्याकडे बहुतेक घरांत याच्या उलट चालतं. उन्हाळाभर छताकडे कुणी ढुंकून पाहत नाही आणि भर पावसात ओल्या छतावर दुरुस्तीचं साहित्य थापलं जातं. ओल्या, धुळकट पृष्ठभागावर ते धरत नाही, पैसे वाया जातात आणि ‘आमचं छत काही केल्या गळायचं थांबत नाही’ असा समज पक्का होतो. छत थांबतं. त्याला नीट तपासावं मात्र लागतं.

कुंडलिकेकाठची तीन छतं

कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना आहे, दुसऱ्या काठाला नवीन जालना. या नव्या भागाचं पूर्वीचं नाव कादराबाद. नाव ‘नवीन’ असलं तरी वस्ती जुनी आहे, आणि पेठेतल्या गल्ल्यांतून बाहेरच्या वसाहतींकडे चालत गेलं की छतांच्या तीन पिढ्या दिसतात : मातीचं माळवद, लोखंडी किंवा सिमेंटचा पत्रा, आणि सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब.

माळवदाचं शास्त्र मराठवाड्यानं पिढ्यान्‌पिढ्या जपलं. लाकडी तुळया, त्यांवर आडवी लाकडं, त्यांवर काटक्या किंवा पाला आणि सर्वांत वर मातीचा जाड थर. ही माती शेतातली काळी नसायची. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यामुळे गावाच्या जुन्या पांढरीवरची राखट, खारी माती आणायचे. ती फारशी आकसत नाही आणि खारेपणामुळे तिच्यात गवतही कमी रुजतं. पावसाळ्याआधी दरवर्षी नवा थर द्यायचा, उताराकडे तो चोपून घ्यायचा आणि पन्हळीचं तोंड मोकळं करायचं, हा नेम होता. माळवद टिकलं ते या दरवर्षीच्या कामामुळे. पत्रा आणि स्लॅब आल्यावर ‘आता छताकडे बघायला नको’ अशी समजूत झाली, आणि तिथूनच बऱ्याच गळत्या सुरू झाल्या.

जालन्यात पाऊस फार नाही. वर्षाची सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे. तरीही इथली छतं गळतात, कारण पाऊस सारखा वाटून पडत नाही. दोन-तीन मोठ्या सरी, मग पंधरा दिवसांची उघडीप, मग पुन्हा सर. हजार चौरस फुटांच्या छतावर 50 मिलिमीटरची एक सर पडली तर साधारण 4,600 लिटर पाणी जमा होतं. एवढं पाणी तास-दोन तासांत एखाद-दुसऱ्या पावसाळी पाइपातून उतरायचं असतं. तोंडाशी पालापाचोळा अडकला असेल तर ते छतावर तुंबतं आणि वाट शोधू लागतं.

त्यात उन्हाची भर पडते. मे महिन्यात इथं पारा 42 अंशांच्या घरात जातो आणि छताचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी जास्त तापतो. पोलादाचा पाच मीटर लांबीचा पत्रा 40 अंशांच्या फरकानं जवळजवळ अडीच मिलिमीटर लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. ही ओढाताण रोज चालते. तिचा ताण येतो स्क्रूच्या भोकांवर, सांध्यांवर आणि त्यांत भरलेल्या साहित्यावर. काळ्या जमिनीवर उभं घर पायाखालूनही हलतं. पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तिरक्या भेगा जातात. म्हणून सांध्यात भरायचं साहित्य लवचीक हवं. कडक होणारी पुट्टी तिथं वर्षभरात तडकते.

पाण्याची वाट उलटी चालून पाहा

छतातून उतरणारं पाणी सरळ खाली येत नाही. पत्र्याच्या भोकातून आत आलेला थेंब पत्र्याच्या खालच्या अंगाला चिकटून उतारानं सरकतो, वाटेत आडवा लोखंडी पाइप किंवा अँगल लागला की त्याच्यावरून धावतो आणि जिथं खाच, जोड किंवा वाक येतो तिथं टपकतो. शिरण्याची जागा आणि टपकण्याची जागा यांत कित्येक फुटांचं अंतर पडू शकतं.

स्लॅबमध्ये हा खेळ आणखी लपून चालतो. वरच्या कोब्याला गेलेल्या भेगेतून पाणी आत उतरतं, कोबा आणि स्लॅब यांच्यामधल्या पोकळीत पसरतं आणि स्लॅबमधली कच्ची, सच्छिद्र जागा सापडली की तिथून खाली येतं. बऱ्याच घरांत ते वायरिंगच्या पाइपात शिरतं आणि खोलीच्या मध्यभागी, पंख्याच्या हुकापाशी ठिबकतं. पंख्याच्या बरोबर वर गच्चीवर काहीच सापडत नाही आणि घरचे चक्रावून जातात. अशा वेळी आधी त्या खोलीचा वीजपुरवठा बंद करावा. ओली वायरिंग हा गळतीतला सर्वांत मोठा धोका आहे.

शोधाचा पहिला नियम त्यामुळे सोपा आहे : टपकणाऱ्या जागेपासून उताराच्या उलट दिशेनं, वर वर जायचं.

दुसरा धागा वेळेचा. पाऊस सुरू होताच पाच-दहा मिनिटांत गळायला लागलं तर वाट थेट आहे, म्हणजे उघडं भोक किंवा सुटलेला सांधा शोधायचा. पाऊस थांबल्यावर काही तासांनी ठिबकायला लागून दुसऱ्या दिवसापर्यंत चालू राहिलं तर पाणी कोब्याखाली साचलेलं आहे. फक्त वाऱ्यासकटच्या पावसात गळत असेल तर छतापेक्षा भिंत, खिडकीचा वरचा सज्जा किंवा पत्र्याचा आडवा जोड संशयित. जून ते सप्टेंबर आपल्याकडे वारं मुख्यतः पश्चिम-नैऋत्येकडून येतं, तर परतीच्या पावसाच्या वादळी सरी बऱ्याचदा दुसऱ्या दिशेनं येतात. चार महिने कोरडी राहिलेली भिंत ऑक्टोबरमध्ये एकाएकी ओली झाली, तर फट त्या दुसऱ्या अंगाला शोधावी.

आणि ओल ऐन मे महिन्यातही तशीच राहत असेल, तर तिचा पावसाशी संबंध नाही. ती टाकीची, न्हाणीघराची किंवा भिंतीतल्या नळाची आहे. त्याची तपासणी फुकट होते. रात्री सगळे नळ बंद करून गच्चीवरच्या टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करावी. सकाळी पातळी उतरलेली दिसली की पाणी कुठंतरी मुरतंय हे नक्की. घाणेवाडी तलाव आणि जायकवाडी धरण यांच्या पाण्यावर जगणाऱ्या आणि टँकरची वाट पाहिलेल्या शहरात अशी गळती भिंतीइतकीच घागरीचीही हानी करते. सेकंदाला एक थेंब एवढी बारीक गळतीसुद्धा दिवसाला चार लिटरच्या वर पाणी घालवते.

एक फसवी गळतीही असते. हिवाळ्यात पहाटे पत्र्याच्या घरात थेंब पडतात आणि आकाश तर निरभ्र असतं. माणसांच्या श्वासाची आणि चुलीवरच्या वाफेची ओल थंड पत्र्याला लागून तिचं पाणी होतं. इथं डांबराचा उपयोग नाही. हवा खेळती ठेवणं आणि पत्र्याखाली उष्णतारोधक थर लावणं हाच उपाय.

पत्र्याचं छत : स्क्रूपाशी बसून पाहा

पत्र्याचा मधला सपाट भाग सहसा गळत नाही. गळतात ती भोकं आणि जोड. एखादा स्क्रू जवळून पाहिला की सगळी गोष्ट कळते. त्याच्या माथ्याखाली काळ्या रबराचा वॉशर असतो आणि सगळी पाणीबंदी त्या चकतीवर अवलंबून असते. स्क्रू सैल असेल तर चकती पत्र्याला टेकत नाही. फार आवळला असेल तर चकती फाकून बाहेर येते, पत्रा दबतो आणि स्क्रूभोवती छोटी वाटी तयार होऊन तिच्यात पाणी साचतं. नीट बसलेल्या स्क्रूचा वॉशर माथ्याच्या कडेबाहेर किंचित डोकावतो, त्याहून जास्त नाही. काही वर्षं ऊन खाल्लं की रबर कडक होतं आणि नखानं दाबल्यावर त्याला चिरा दिसतात. असे वॉशर सरसकट बदलावेत. भोक मोठं झालं असेल तर किंचित जाड स्क्रू घालावा. जुना गंजका खिळा तसाच ठेवून वरून डांबर चोपडल्यानं पाणी थोडे दिवस थांबतं आणि गंज आतून वाढत राहतो.

पन्हळी पत्र्याला भोक पन्हळीच्या माथ्यावर पाडतात, कारण पाणी खोलगट भागातून वाहतं. घाईत खोलगट भागात मारलेला एक खिळा सबंध खोली ओली करू शकतो. दोन पत्र्यांच्या जोडावर दुसरी नजर टाकावी. आडव्या अंगाला निदान दीड पन्हळ आणि उताराच्या अंगाला किमान सहा इंच एकावर एक पत्रा हवा. उतार कमी असेल तर तेही पुरत नाही, कारण दोन पत्र्यांच्या अरुंद फटीत पाणी उताराच्या विरुद्धही ओढलं जातं. अशा जोडात ब्युटाइलची चिकटपट्टी घालून पत्रे पुन्हा आवळावेत.

तिसरी जागा म्हणजे पत्रा भिंतीला भिडतो ती. तिथं नुसतं सिमेंट भरलेलं असतं. पत्रा रोज लांबतो-आखडतो, सिमेंट हलत नाही, म्हणून त्या रेषेत भेग पडतेच. भिंतीत आडवी खाच पाडून तीत पत्र्याची वाकवलेली पट्टी बसवावी आणि तिचं दुसरं टोक छताच्या पत्र्यावर मोकळं सोडावं. मग पत्रा सरकला तरी पाणी वरच्यावर जातं.

फट सापडत नसेल तर पाइपानं पाणी सोडून पाहावं. एकानं खोलीत टॉर्च घेऊन उभं राहायचं, दुसऱ्यानं शिडीवरून साधी धार सोडायची. सुरुवात वळचणीकडून करायची आणि हळूहळू माथ्याकडे जायचं. प्रत्येक पट्ट्यावर काही मिनिटं थांबायचं. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि कुठल्या जोडानं दगा दिला ते कळत नाही. आत थेंब दिसला की बाहेर तिथंच खडूनं किंवा रंगानं खूण करायची.

ओल्या पत्र्यावर मात्र कुणी चढू नये. कोरड्या दिवशीही आधाराच्या पाइपांच्या रेषेवरच, आडवी फळी टाकून चालावं. सिमेंटचे जुने पत्रे वरून मजबूत दिसतात आणि पायाखाली अचानक फुटतात. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते घासू नयेत, कापू नयेत, त्यांची धूळ छातीत जाऊ देऊ नये.

स्लॅब : कोपरे, तोंडं आणि आतलं लोखंड

गच्चीवर चार जागा आधी पाहाव्यात. कठडा आणि गच्ची मिळतात तो कोपरा, पावसाळी पाइपाचं तोंड, टाकीच्या पायांचा बुंधा आणि डिशच्या किंवा दोरीच्या खांबासाठी पाडलेली भोकं. कठडा आणि गच्ची वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मालानं बांधलेले असतात, त्यामुळे त्यांच्यामध्ये फट पडतेच. तिथं काटकोन न ठेवता सिमेंटची गोलाई करावी आणि पाणीरोधक थर कठड्यावर फूटभर वर चढवावा. पाइपाचं तोंड सभोवतालच्या गच्चीपेक्षा थोडं खालीच हवं. अनेक घरांत नवी फरशी बसवताना गच्ची वर येते, तोंड तसंच राहतं आणि पाइपाभोवतीची फट उघडी पडते.

गच्चीला मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार हवा. पाऊस थांबल्यावर दोन दिवस डबकं राहत असेल तर त्याभोवती खडूनं रेघ मारून ठेवावी. गळती बऱ्याचदा त्या रेघेच्या आत निघते.

पाणी साठवून तपासण्याची पद्धत मिस्त्री मंडळींना ठाऊक आहे : पाइपाचं तोंड बंद करायचं, इंच-दोन इंच पाणी भरायचं आणि एक ते तीन दिवस वाट पाहायची. पण हजार चौरस फुटांवर दोन इंच पाणी भरायला साडेचार हजार लिटरहून जास्त लागतं, आणि त्याचं ओझं प्रत्येक चौरस मीटरवर 50 किलोच्या आसपास येतं. तडे गेलेल्या जुन्या स्लॅबवर असा प्रयोग करूच नये. शिवाय जालन्यात एवढं पाणी तपासणीसाठी ओतणं कुणालाही जिवावर येईल. त्यापेक्षा संशयाच्या जागेभोवती चिकणमातीचा छोटा बांध घालावा आणि तेवढ्यातच पाणी भरावं. एक जागा तपासून झाली की तेच पाणी दुसऱ्या बांधात घ्यावं. पाण्यात कपड्यांची नीळ कालवली तर खाली उतरलेल्या निळ्या डागावरून वाट नक्की होते.

स्लॅबच्या गळतीत जे दिसतं त्याहून गंभीर गोष्ट आत घडत असते. ताज्या काँक्रीटचा सामू 12 च्या वर असतो, आणि त्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक सूक्ष्म संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. पाणी आणि हवा वर्षानुवर्षं आत जात राहिली की हा सामू उतरतो, पापुद्रा नष्ट होतो आणि गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त, काही वेळा सहापटीपर्यंत जागा लागते. स्लॅबच्या खालच्या बाजूला सळईवर काँक्रीटचं आवरण जेमतेम पाऊण इंचाचं असतं. फुगणारा गंज ते ढकलून देतो, आधी सळईच्या रेषेत भेग दिसते आणि मग पोपडा पडतो. भंगार वितळवून सळई तयार करणाऱ्या भट्ट्यांनी आणि रोलिंग मिलांनी जालन्याला नाव दिलं. त्या सळईचं आयुष्य आपल्या गच्चीच्या पाइपाच्या तोंडाशी ठरतं, हे इथल्या प्रत्येक घरमालकानं लक्षात ठेवायला हवं.

म्हणून आतून रंग लावून डाग झाकणं घातक आहे. आतला पाणीरोधक रंग पाण्याला बाहेर येऊ देत नाही. ते स्लॅबमध्येच मुरत राहतं आणि सळई गंजवतं. उपाय वरूनच करायचा. भेग इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात उघडायची, ब्रशनं झाडून धूळ काढायची, पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटनं भरायची आणि वर लवचीक थर द्यायचा. थर दोन, एक उभा आणि एक आडवा, कोपऱ्यांत मध्ये फायबरची जाळी.

त्याआधी स्लॅब वाळलाय का ते पाहावं. दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा गच्चीवर पसरून चारी कडा चिकटपट्टीनं बंद कराव्यात आणि 16 तास तसाच ठेवावा. खालच्या बाजूला दव दिसलं तर ओल अजून आत आहे. त्यावर थर दिला तर उन्हात वाफ होऊन फोड येतात आणि सगळं काम उखडतं.

चाकांवरच्या घराची शिकवण

अमेरिका-युरोपात गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरांना, म्हणजे कॅम्पिंग ट्रेलरना, गळती हा सर्वांत मोठा शत्रू आहे. छत पातळ, सांगाडा बऱ्याचदा लाकडी, आणि रस्त्यावरचे धक्के रोजचे. पाणी बहुधा छताच्या कडेची पट्टी, हवेची खिडकी आणि दिव्यांच्या भोकांतून शिरतं आणि भिंतीच्या आत लाकूड कुजवतं. बाहेरून ते कळतं तेव्हा भिंत दाबल्यावर मऊ लागू लागते. महाराष्ट्रानंही 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे अशी वाहनं आपल्या रस्त्यांवरही येत राहतील.

अमेरिका-युरोपातल्या ट्रेलरवाल्यांची एक तपासणी फार उपयोगी आहे. सगळी दारं-खिडक्या बंद करून पंख्यानं आत हलका हवेचा दाब निर्माण करतात आणि बाहेरून प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावतात. जिथं बुडबुडे येतात तिथं फट. पावसाची वाट पाहावी लागत नाही आणि आत पाणीही जात नाही. आपल्याकडे पंक्चर काढणारा ट्यूब पाण्यात बुडवून हेच करतो. टेम्पोची बंद केबिन, रुग्णवाहिका, फिरतं दुकान यांसाठी ही रीत सहज वापरता येईल. ट्रेलरवाले आणखी एक पथ्य पाळतात : छताचे सगळे सांधे वर्षातून निदान दोनदा हातानं चाचपून पाहायचे. माळवदाच्या काळातला आपला नेमही हाच होता.

छताचं पंचांग

जून ते ऑक्टोबर या काळात फक्त निरीक्षण करावं. घराचा साधा आराखडा एका वहीत काढावा. कुठं ठिबकलं, पाऊस सुरू झाल्यावर किती वेळानं, वारा कुठून होता, थांबायला किती वेळ लागला, एवढं त्यात लिहावं. तात्पुरती ताडपत्री टाकायला हरकत नाही, पण डांबर फासून खुणा पुसू नयेत. दिवाळीनंतर आकाश मोकळं झालं की वही घेऊन वर जावं, पाइपानं किंवा बांध घालून संशय पक्का करावा आणि मिस्त्रीला बोट ठेवून जागा दाखवावी. ‘सगळ्या गच्चीचं करून टाका’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘हा कोपरा आणि हे तोंड’ म्हणणाऱ्याचा खर्च पुष्कळ कमी येतो. मोठी कामं फेब्रुवारीपर्यंत उरकलेली बरी. मे महिन्याच्या उन्हात सिमेंट पाणी धरत नाही आणि पाणी मारायला पाणीही नसतं. मृगाच्या आधी एक शेवटची फेरी : पालापाचोळा काढायचा, पाइपाच्या तोंडाला जाळी लावायची, स्क्रू तपासायचे.

या सगळ्यात लागतं ते एक वही, एक खडू, पाण्याचा पाइप, थोडी नीळ आणि दोन माणसांचा एक दिवस. घर बांधायला माणूस आयुष्याची कमाई घालतो. त्याच घराला वर्षातून एक दिवस दिला, तर छत पुढच्या पिढीपर्यंत सहज पोचतं.